आयटीतला गुणात्मक अभ्यास: वाचायचा कसा, जोखायचा कसा

आयटीतल्या एखाद्या गुणात्मक अभ्यासाचं, म्हणजे आकडे मोजण्याऐवजी मुलाखती, निरीक्षणं आणि कागदपत्रांवर उभ्या असलेल्या अभ्यासाचं परीक्षण लिहायला सांगितलं की बहुतेकांच्या वहीत पहिली ओळ ठरलेली असते: 'सॅम्पल लहान असल्याने निष्कर्ष सर्वांना लागू होत नाहीत.' एमसीएच्या सेमिनारपासून पीएच.डी.च्या साहित्य आढाव्यापर्यंत हीच ओळ फिरत असते. काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि 'वापरकर्त्यांचे अनुभव प्रभावीपणे मांडले आहेत' असं लिहून मोकळे होतात. पहिला वाचक सर्व्हेचं माप मुलाखतींना लावतो, दुसरा कोणतंच माप लावत नाही. अभ्यास दोघांनीही तपासलेला नसतो.

तपासायचं असतं ते हे: लेखक जो दावा करतो त्याच्या खाली कोणाचं बोलणं आहे, कोणतं निरीक्षण आहे, कोणता कागद आहे, आणि तेवढ्यावर तो दावा उभा राहतो का. हे साधायचं तर वाचायचा क्रम बदलावा लागतो. खाली तो क्रम दिला आहे.

उदाहरणासाठी एक अभ्यास मी रचला आहे, प्रत्यक्षात असा कोणी केलेला नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ३ टॉवेल कारखान्यांत हजेरी आणि पीसरेटचा, म्हणजे नगावर मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब वहीतून मोबाइल ॲपवर आला. संशोधकाने १८ मुलाखती घेतल्या. निष्कर्ष असा की 'कामगारांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, म्हणून ॲप वापरलं जात नाही.' हा अभ्यास आपण टप्प्याटप्प्याने सोलून काढू.

## आधीची तयारी

पूर्ण शोधनिबंध हातात घ्या. सारांशावरून गुणात्मक अभ्यास जोखता येत नाही, कारण सारांशात निष्कर्ष असतो, पुरावा नसतो. परिशिष्टात मुलाखतीचे प्रश्न दिले असतील तर ते आधी छापून घ्या. शोधनिबंध भारतातल्या एखाद्या पीएच.डी.वर आधारलेला असेल तर मूळ प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मिळतो का बघा. निबंधात जागेअभावी गाळलेली प्रश्नावली, कोडांची (मुलाखतीतल्या वाक्यांना दिलेल्या छोट्या नावांची) यादी आणि मुलाखतींचे तपशील प्रबंधात बऱ्याचदा सापडतात.

दोन वाचनांचा वेळ काढा. पहिलं वाचन हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पुण्याला जाताना झालं तरी चालेल. दुसऱ्याला टेबल, पेन्सिल आणि कोरा कागद लागतो. कागदावर तीन रकाने आखा: दावा, पुरावा, कोण बोललं. या कागदाचं काम सातव्या टप्प्यात आहे.

वाचायला बसण्याआधी या विषयाबद्दल तुमचं स्वतःचं मत दोन ओळींत लिहून ठेवा. घरात माग चालत असतील, वडील कारखानदार असतील किंवा आई घडी-शिलाईला जात असेल, तर या उदाहरणातला कोणता निष्कर्ष तुम्हाला चटकन पटेल ते आधीच ठरलेलं असतं. ते कागदावर दिसत राहिलं पाहिजे.

सावधान: एआयकडून सारांश करून घेऊन परीक्षण लिहू नका. अशा सारांशात सगळ्यात आधी गळतात ती अवतरणं आणि मुख्य निष्कर्षाला न जुळणारी माणसं. गुणात्मक अभ्यास जोखायचा तर नेमकी तीच लागतात.

## टप्पा १: प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

संशोधनाचा प्रश्न शोधून कागदाच्या वर उतरवा. 'किती टक्के कामगार ॲप वापरतात' हा मुलाखतींनी सोडवायचा प्रश्न नाही. 'ॲप आल्यावर हिशेबाचं काम कसं बदललं' किंवा 'कामगार ॲप का टाळतात' हे मुलाखतींचे प्रश्न आहेत. प्रश्न 'किती'चा आणि पद्धत मुलाखतींची असेल तर तो मूळ दोष आहे, तो ठळकपणे लिहा.

मग लेखकाची भूमिका बघा. माहितीप्रणालीच्या (इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या) अभ्यासांत साधारण तीन भूमिका दिसतात. काही संशोधक वस्तुस्थिती बाहेर आहे आणि ती आपण मोजतो-पडताळतो असं धरून चालतात. काही जण माणसं आपल्या परिस्थितीचा अर्थ कसा लावतात ते समजून घेतात. उरलेले सत्ता आणि विषमता उघड करायला निघालेले असतात. दुसऱ्या भूमिकेतून केलेल्या अभ्यासाला 'गृहीतक (आधी मांडून मग पडताळायचं विधान) कुठे आहे?' असं विचारणं निरर्थक आहे. तरी पुष्कळ परीक्षणांत हा प्रश्न असतो.

## टप्पा २: पद्धतीचं नाव आणि केलेलं काम जुळतं का?

नाव मोठं आणि काम वेगळं, हा फार नेहमीचा प्रकार आहे.

ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत, असं म्हटलं असेल तर माहिती गोळा करणं आणि विश्लेषण हातात हात घालून चाललेलं दिसलं पाहिजे. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेल्या या पद्धतीचा गाभाच तो आहे: आधीच्या मुलाखतींतून जे निघतं त्यावर पुढे कोणाला भेटायचं ते ठरतं. अठराही मुलाखती एका महिन्यात उरकून नंतर कोडिंगला बसलेला अभ्यास ग्राउंडेड थिअरी होत नाही. तो थीमनिहाय विश्लेषण, म्हणजे कोड एकत्र करून मुख्य मुद्दे (थीम) बांधणं, म्हणून चांगला असू शकतो, पण मग तसं म्हणायला हवं.

एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये बराच काळ राहून केलेला अभ्यास, असं म्हटलं असेल तर संशोधक तिथे किती काळ होता आणि त्याने काय पाहिलं ते शोधा. दोन दिवसांच्या भेटीला एथ्नोग्राफी म्हणत नाहीत. केस स्टडी म्हटलं असेल तर केस नेमकी कोणती, कारखाना की ॲप की हिशेबाची प्रक्रिया, आणि मुलाखतींखेरीज दुसरा पुरावा आहे का ते बघा. अ‍ॅक्शन रिसर्चमध्ये संशोधक स्वतः बदल घडवत असतो. तिथे त्याने काय केलं, काय फसलं आणि मग काय बदललं, ही फेरी दिसायला हवी.

तपासणी: पद्धतीचं नाव झाकून फक्त केलेल्या कामाचं वर्णन वाचा. तुम्ही स्वतः तिला काय नाव दिलं असतं?

## टप्पा ३: तंत्रज्ञान नेमकं काय होतं?

आयटीच्या गुणात्मक अभ्यासांचा खास दोष म्हणजे त्यात माणसं भरपूर असतात आणि आयटीच नसतं. ऑर्लिकोव्स्की आणि आयकोनो यांनी २००१ साली माहितीप्रणालीच्या संशोधनावर हाच आक्षेप घेतला होता: तंत्रज्ञान गृहीत धरलं जातं, त्याचा नीट विचारच होत नाही. आजही तो लागू पडतो.

आपल्या उदाहरणात विचारा: ॲप कोणत्या भाषेत होतं? नोंद कोण चढवत होतं, कामगार स्वतः की जॉबर (कामगारांवर देखरेख करणारा मुकादम)? चढवलेला आकडा कामगाराला त्याच्या मोबाइलवर दिसत होता का? चूक झाली तर दुरुस्तीचा हक्क कोणाकडे? निबंधात यातलं काही नसेल आणि 'ॲप' एवढाच शब्द असेल, तर 'कामगार ॲप वापरत नाहीत' या वाक्याचा अर्थच लागत नाही. नोंद जॉबरच चढवत असेल तर कामगाराने वापरायचं काय?

माहिती कधी गोळा केली तेही टिपा. प्रकाशनाचं वर्ष वेगळं, माहितीचं वर्ष वेगळं. यूपीआय २०१६ साली आलं. त्याआधी गोळा केलेल्या माहितीवरचा मोबाइल पेमेंटचा अभ्यास २०१८ साली छापून आला, तर तो कोणत्या जगाबद्दल बोलतो ते तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं.

## टप्पा ४: कोण बोललं, कोण बोललंच नाही?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबू.

गुणात्मक अभ्यासात 'किती' हा दुय्यम प्रश्न आहे. आधी 'कोण' आणि 'कसे निवडले' हे विचारायचं. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ साली घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन गेल्याचं त्यांना दिसलं. त्यातून '१२ मुलाखती पुरतात' असा नियम लोकांनी करून टाकला. पण तिथे मुलाखती दिलेला गट बराचसा एकसारखा होता आणि विषयही आखीव होता. कारखानदार, मुनीम, जॉबर आणि कामगार असे चार वेगळ्या हितसंबंधांचे गट असतील तर १२ हा आकडा चारांत वाटला जातो, आणि एका गटाच्या वाट्याला तीन माणसं येतात.

आपल्या उदाहरणातले १८ जण असे आहेत: ३ कारखानदार, ३ मुनीम, ५ जॉबर, ॲप बनवणाऱ्या कंपनीचा १ माणूस आणि ६ कामगार. म्हणजे ज्यांच्या 'भीती'बद्दल निष्कर्ष आहे ते एक तृतीयांश. त्या सहा जणांची निवड कोणी केली? 'कारखानदारांच्या सहकार्याने' असं एक वाक्य निबंधात असेल तर त्याखाली रेघ मारा. मालकाने पाठवलेला कामगार कसा बोलेल याचा अंदाज सोलापुरात कोणालाही करता येतो. शिवाय हे सहाही जण माग चालवणारे पुरुष असतील, तर कांड्या भरणाऱ्या आणि घडी-शिलाई करणाऱ्या बायका कुठे गेल्या? त्यांचा हिशेबही याच ॲपवर आहे.

सावधान: 'सॅच्युरेशन गाठलं', म्हणजे आता मुलाखतींतून नवीन काही येत नाही, हे वाक्य पुरावा म्हणून धरू नका. कशावरून गाठलं ते विचारा. शेवटच्या दोन-तीन मुलाखतींतून नवीन काय आलं किंवा आलं नाही, हे सांगितलेलं असेल तरच त्या वाक्याला वजन आहे. आणि एखादा गट अभ्यासात आलाच नसेल तर सॅच्युरेशन फक्त आलेल्यांपुरतं असतं.

## टप्पा ५: बोलणं कुठे, कोणासमोर, कोणत्या भाषेत झालं?

मुलाखतीची जागा बघा. मालकाच्या केबिनमध्ये घेतलेली मुलाखत आणि चहाच्या टपरीवर घेतलेली मुलाखत एकच माहिती देत नाहीत. वेळही बघा. दिवाळीच्या तोंडावर, बोनसची बोलणी चालू असताना हिशेबाच्या ॲपबद्दल विचारलं तर उत्तरात बोनसही येणार. तो आला म्हणून काही बिघडत नाही, पण संशोधकाने ते सांगितलं पाहिजे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नडही सर्रास ऐकू येते. मुलाखत कोणत्या भाषेत झाली, दुभाषा होता का, असल्यास तो कोण होता, आणि इंग्रजीत छापलेली अवतरणं कोणी पडताळली, एवढं निबंधात असायला हवं. दुभाषा कारखान्याचाच सुपरवायझर असेल तर पाचव्या टप्प्यातच अभ्यास अडचणीत आला.

प्रश्नही तपासा. 'ॲप वापरताना तुम्हाला कोणती भीती वाटते?' असं विचारल्यावर भीतीच हाती लागते. परिशिष्ट आधी छापायला सांगितलं ते याचसाठी.

संमती कशी घेतली आणि नावं कशी झाकली, हेही एकदा बघून घ्या. तीन कारखान्यांत ॲप कंपनीचा एकच माणूस असेल तर नाव न लिहिताही तो ओळखू येतो.

## टप्पा ६: विश्लेषण उघडं आहे की झाकलेलं?

'मुलाखतींचं कोडिंग केलं आणि चार थीम पुढे आल्या.' एवढ्यावर विश्लेषणाचा विभाग संपत असेल तर तुमच्यापुढे बंद पेटी आहे. थीम आपोआप पुढे येत नसतात, त्या संशोधक बनवतो. ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ साली थीमनिहाय विश्लेषणाचे सहा टप्पे मांडले तेव्हाच या भाषेवर बोट ठेवलं होतं. कच्च्या वाक्यापासून कोडापर्यंत आणि कोडापासून थीमपर्यंतचा निदान एक प्रवास निबंधात दिसला पाहिजे.

इथे उलटी चूकही होते. दोन जणांनी स्वतंत्र कोडिंग करून जुळणीचा आकडा, म्हणजे कोहेन कप्पा, दिला नाही म्हणून अभ्यास कमकुवत ठरवला जातो. कोडांची यादी आधी ठरवून अनेकांनी काम वाटून घेतलं असेल तर हा आकडा उपयोगी आहे. संशोधकाचं अर्थ लावणं हेच साधन मानणाऱ्या पद्धतीत तो मागण्यात अर्थ नाही, ब्रॉन आणि क्लार्क यांनीही पुढे हे स्पष्टपणे मांडलं. आधी टप्पा १ आणि २ मधल्या तुमच्या नोंदी बघा, मगच कप्पा मागायचा की नाही ते ठरवा.

सॉफ्टवेअरचं नाव पाहून भारावून जाऊ नका. एनव्हिवो किंवा ॲटलास टीआय कोड सांभाळून ठेवतं, अर्थ माणसालाच लावावा लागतो.

## टप्पा ७: दाव्याखालचा पुरावा काढा

आता तीन रकान्यांचा कागद घ्या आणि निकालांचा विभाग पेन्सिल घेऊन वाचा. लेखकाचं प्रत्येक ठाम वाक्य पहिल्या रकान्यात लिहा. त्याखाली दिलेलं अवतरण किंवा निरीक्षण दुसऱ्यात आणि बोलणाऱ्याची भूमिका तिसऱ्यात. कंटाळवाणं काम आहे, पण खरं परीक्षण इथेच होतं.

आपल्या उदाहरणात कागद असा भरला, असं समजा.

दावा: कामगारांना तंत्रज्ञानाची भीती वाटते. पुरावा: 'मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ बघतील, पण ॲपवर हजेरी लावा म्हटलं की घाबरतात.' कोण बोललं: कारखानदार. दुसरं अवतरण मुनीमांचं: 'शिकलेले नाहीत हो, त्यांना जमत नाही.' तिसरं एका कामगाराचं: 'वहीत माझ्यासमोर लिहितात. ह्याच्यात काय चढवलं ते मला दिसत नाही. चार पीस कमी निघाले तर मी दाखवू काय?'

आता लेखकाचं वाक्य बाजूला ठेवून फक्त अवतरणं वाचा. भीतीबद्दल बोलणारे दोघेही कामगार नाहीत. आणि कारखानदाराच्या वाक्यातच त्याच्या म्हणण्याला छेद आहे: दिवसभर व्हिडिओ बघणारा माणूस मोबाइलला घाबरत नाही. जो एकटा कामगार बोलतो तो पुराव्याबद्दल बोलतो आहे. वहीतली नोंद त्याला दिसायची, भांडता यायचं. ॲपमध्ये ती दिसत नाही. ही तक्रार हिशेबावरच्या ताब्याची आहे. लेखकाने ती 'भीती' या थीममध्ये टाकून दिली.

लिन मार्कस यांचा १९८३ सालचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. एका मोठ्या कंपनीतल्या आर्थिक माहितीप्रणालीला विभागांतल्या हिशेबनिसांनी विरोध केला होता. आधी आकडे विभागांकडे असत आणि ते फक्त गोषवारा वर पाठवत. नव्या प्रणालीने सगळी माहिती मुख्य कार्यालयाच्या ताब्यातल्या एका डेटाबेसमध्ये नेली. विरोधाचं कारण लोकांच्या स्वभावात किंवा प्रणालीच्या दोषात शोधण्याऐवजी, प्रणाली आली की सत्ता कोणाकडून कोणाकडे जाते ते बघा, असं मार्कस यांनी दाखवलं. आपल्या उदाहरणातल्या लेखकाने हे पर्यायी स्पष्टीकरण तपासलं का? नसेल तर तुमच्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा हाच.

या टप्प्यावर आणखी तीन गोष्टी बघा.

अवतरणं कोणाची किती आहेत ते मोजा. सगळी चांगली वाक्यं एकाच 'जॉबर ३'ची असतील तर अभ्यास त्याच्या डोळ्यांनी लिहिला गेला आहे.

न जुळणारं माणूस शोधा. ॲप आवडलेला एखादा कामगार निबंधात आहे का? त्याचं काय केलं, समजावून सांगितलं की एका ओळीत उडवलं? सगळेच एका सुरात बोलत असतील तर संशय घ्या.

आणि 'काही', 'अनेक', 'बहुतेक' या शब्दांवर गोल करा. १८ पैकी 'अनेक' म्हणजे किती? लेखकाने टक्केवारी देऊ नये हे बरोबर आहे, पण शब्द हवेतही ठेवू नयेत.

तपासणी: पहिल्या रकान्यातल्या किती दाव्यांसमोर दुसरा रकाना रिकामा आहे? तिथे प्रश्नचिन्ह करा. ते दावे चूक असतीलच असं नाही, सध्या ते फक्त लेखकाचं मत आहेत.

## टप्पा ८: विश्वासार्हतेची कलमं

लिंकन आणि ग्युबा यांनी १९८५ साली दिलेले चार निकष बहुतेक निबंधांत येतात: विश्वसनीयता (निष्कर्ष पटण्यासारखे आहेत का), स्थलांतरणीयता (दुसऱ्या ठिकाणी नेऊन बघता येतील का), अवलंबनीयता (प्रक्रिया सुसंगत आणि तपासता येण्याजोगी आहे का) आणि पुष्टीयोग्यता (निष्कर्ष माहितीतून आले आहेत का, संशोधकाच्या कलातून नाहीत ना). क्लाइन आणि मायर्स यांची अर्थ लावणाऱ्या अभ्यासांसाठीची १९९९ सालची सात तत्त्वंही माहितीप्रणालीत सर्रास वापरतात. ती यांत्रिकपणे लावू नयेत असं त्या दोघांनीच बजावलं आहे. तरी दर तत्त्वासमोर बरोबरची खूण करत सुटणारी परीक्षणं दिसतात.

मेंबर चेकिंग, म्हणजे निष्कर्ष सहभागींना परत दाखवणं, केल्याचं लिहिलं असेल तर कोणाला दाखवले ते विचारा. आपल्या उदाहरणात ते फक्त कारखानदारांना दाखवले असतील तर 'भीती'ला दुजोरा मिळणारच. ट्रायअँग्युलेशनचं, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी पडताळण्याचंही तसंच आहे. मालक, मुनीम आणि ॲप कंपनी या तिघांचं एकमत म्हणजे तीन बाजू झाल्या नाहीत. जुन्या वहीतल्या नोंदी आणि ॲपमधल्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर ती दुसरी बाजू होती.

## टप्पा ९: निष्कर्ष किती लांब नेता येतो?

आता सुरुवातीच्या त्या ठरलेल्या ओळीकडे वळू. शितावरून भाताची परीक्षा करणं हे सॅम्पलिंगचं तर्कशास्त्र आहे, गुणात्मक अभ्यास त्यावर चालत नाही. जेफ वॉल्शॅम यांनी १९९५ साली अशा अभ्यासातून मिळणाऱ्या सामान्य गोष्टी चार प्रकारच्या सांगितल्या: नवी संकल्पना, सिद्धांत, विशिष्ट क्षेत्रासाठी निघणारे बोध आणि सखोल समज. तेव्हा 'हे सर्व कारखान्यांना लागू आहे का?' याऐवजी 'नोंद कोणाला दिसते यावर तिच्यावरचा विश्वास ठरतो, ही कल्पना इचलकरंजीत किंवा एखाद्या रुग्णालयाच्या हजेरी यंत्रणेत नेऊन बघता येईल का?' असं विचारा. ते ठरवायला वाचकाला संदर्भाचं भरपूर वर्णन लागतं. ते निबंधात नसेल तर दोष वर्णनाचा आहे, १८ या आकड्याचा नाही.

लेखकानेच हद्द ओलांडली असेल तर मात्र सोडू नका. तीन कारखान्यांवरून 'भारतीय लघुउद्योगांतील कामगार' असं शीर्षक दिलं असेल तर ते लिहाच.

## टप्पा १०: परीक्षण लिहा

क्रम असा ठेवा: प्रश्न काय होता, त्यासाठी पद्धत योग्य होती का, पुरावा कुठे भक्कम आणि कुठे पोकळ आहे, आणि यातलं तुम्ही काय वापराल. निबंधाचा गोषवारा चार ओळींपेक्षा मोठा नको. बहुतेक परीक्षणं गोषवाऱ्यातच संपतात.

उदाहरणाच्या अभ्यासाचं परीक्षण साधारण असं होईल:

'ॲप का टाळलं जातं हा प्रश्न मुलाखतींना योग्य आहे. तीन कारखान्यांतल्या हिशेबाच्या कामाचं वर्णन तपशीलवार आहे आणि ते उपयोगी आहे. मात्र तंत्रज्ञानाची भीती हा मुख्य निष्कर्ष कारखानदार आणि मुनीम यांच्या बोलण्यावर उभा आहे. कामगाराच्या एकमेव अवतरणातून नोंद दिसत नसल्याची तक्रार येते, तिचं विश्लेषण झालेलं नाही. कामगारांची निवड मालकांमार्फत झाली आणि स्त्री कामगार अभ्यासात नाहीत. त्यामुळे भीतीचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही. नोंदीची दृश्यता हा मुद्दा पुढच्या अभ्यासासाठी घेतो.'

यात 'सॅम्पल लहान' हे शब्द कुठेही नाहीत, आणि प्रत्येक आक्षेपासमोर निबंधातलं पान दाखवता येतं. तुमच्या परीक्षणातल्या प्रत्येक वाक्यापुढे कंसात पान क्रमांक घाला. जिथे तो घालता येत नाही ते वाक्य खोडा.

शेवटी वाचनाआधी लिहिलेल्या तुमच्या मताच्या दोन ओळी काढून परीक्षणाशेजारी ठेवा. परीक्षणाचा निकाल तंतोतंत त्या ओळींसारखाच आला असेल तर सातव्या टप्प्याचा कागद पुन्हा एकदा भरा. या वेळी सुरुवात तुमच्या मताविरुद्ध जाणाऱ्या अवतरणांपासून करा.